रास्पबेरीच्या पानांचा चहा

४ ऑगस्ट
आठवा महिना लागला. साखर अजून वरच. इन्सुलिन स्वतःच टोचून घेते, आता सवय झाली. नितीन ड्युटीवर पुलगावला. मागच्या खेपेला बाळ याच महिन्यात पोटातच गेलं. सकाळी निघताना त्यानं तो विषय काढला नाही. मीही नाही.

६ ऑगस्ट
पुण्याहून वर्षाताईंचं, म्हणजे नितीनच्या मोठ्या बहिणीचं, पार्सल. रास्पबेरीच्या पानांचा चहा. डब्यावर लाल फळाचं चित्र. त्यांच्या दोन्ही बाळंतपणांत याच्यानंच कळा सोप्या गेल्या म्हणे. फोनवर म्हणाल्या, "झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होते? दोन टाईम घेत जा." हे फळ मी जन्मात खाल्लं नाही. वास वाळल्या गवतासारखा. प्यायले. कुणीतरी आपली आठवण ठेवली, एवढंच बरं वाटलं.

९ ऑगस्ट
साखर उतरतेय. नितीनला सांगितलं तर किती दिवसांनी हसला.

११ ऑगस्ट
(दवाखान्यातून, झोपूनच लिहितेय.) ओट्याशी कणीक मळत होते. एकदम घाम, हात कापायला लागले, समोरचं दिसेना. आई कालच समुद्रपूरहून आली म्हणून वाचले. तिनं साखरेचं पाणी पाजलं. मशीनवर साखर फारच खाली. पुढचं नीट आठवत नाही.

१२ ऑगस्ट
डॉक्टर मॅडमनी विचारलं, इन्सुलिन जास्त झालं का, जेवण चुकलं का. दोन्ही नाही. मग, आणखी काही घेता का? चहाचं टाळलं, ताईंचं नाव निघेल म्हणून. आईच म्हणाली, "तो पानाईचा चहा पेते ना तू. सांग ना त्याइले."
मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, इन्सुलिनसोबत या पानांनी साखर जास्त उतरू शकते. नक्की त्यानंच झालं असं त्या सांगू शकत नाहीत, यावर फारसा अभ्यासच झालेला नाही. "पण झाडाचं असलं तरी ते औषधच. पोटात बाळ आहे, वरून इन्सुलिन. आम्हाला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही." चहा बंद.
बाळाचं विचारलं. ठोके आहेत म्हणाल्या. बघत राहू.
बघत राहू. मागच्या वेळीही हेच...

१४ ऑगस्ट
घरी, नालवाडीला. नितीननं ताईंना फोन लावला. स्पीकर चालू होता, त्याच्या लक्षात नसावं.
"विचारल्याशिवाय काऊन पाठवलं तू?"
त्या रडल्या आधी. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी तर चहा नव्हता. तेव्हा काऊन झालं मग?"
नितीननं फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. जेवलाही नाही.

१५ ऑगस्ट
ताईंना मेसेज टाकला, तुमच्यावर राग नाही. वाचलाय. उत्तर नाही.
खरंच राग नाही का, माहीत नाही.

१७ ऑगस्ट
साखर पुन्हा वर, डोस वाढवलाय. सकाळपासून बाळाची हालचाल कमी. डाव्या कुशीवर पडून पाहिलं, तरी तेच. आईला सांगितलं, ती म्हणाली, "थांबू नको आता." दवाखान्यात फोन केला, लगेच या म्हणाले. नितीन ऑटो आणायला गेलाय. आई पिशवी भरतेय, माझ्याकडे पाठ करून.
मघाशी एकदा काहीतरी हललं. बाळ होतं की माझाच श्वास, कळलं नाही.