खळ न धुतलेली घोंगडी

आबा, पेन्शनीत निघाल्यापासून मी घोंगड्या विकतोय. हे ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग विचाराल, "कुणाला?" सगळी गोम तिथंच आहे. कुणाला ते मलाच माहीत नाही. तुमचा नातू पुण्यात एका कंपनीत कम्प्युटरवर बसतो. त्यानं घोंगड्यांचे फोटो तिथं चढवलेत आणि ते म्हणे कुठल्याही गावातल्या कम्प्युटरवर दिसतात. कुणाला घोंगडी हवी असली की तो तिथंच लिहून कळवतो. मग पोरगा आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करतो, बूथवाली मला हाक मारते आणि मी पार्सल बांधतो. म्हणजे गिऱ्हाईक आणि माझ्यामध्ये एकटा पोरगा. तो सांगेल ते खरं. बारामती-इंदापूर गाडीवर जन्मभर तिकिटं फाडलेल्या माणसाला असला कारभार पटेल का? मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन बसलेला बिनतिकिटाचा मला नुसत्या मानेवरून कळायचा.

खरं तर घरी बसल्यावर माझं जरा अतीच झालं होतं. मी दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायचो, पिठाच्या गिरणीतून डबा आला की हातात तोलून बघायचो. तुमची सून कावली. "आवं, गाडीत करत हुता ते हितं नका करू. मी काय बिनतिकिटाची हाय व्हय?" जो येईल तो मला जोडधंदा सुचवायचा. कुणी म्हणे बूथ टाका, कुणी म्हणे विम्याचे एजंट व्हा, एक जण तर साबणाची बॅग घेऊन आला, तुम्ही चौघांना विका, ते चौघं आणखी चौघांना विकतील. प्रत्येकाचा त्यात काहीतरी डाव असणार हे मला दिसत होतं, मी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दिवाळीत पोरगा आला. स्वयंपाकघरात आईशी कुजबुज चालली होती, मी गेलो की दोघं गप्प. मग बाहेर येऊन म्हणाला, "अण्णा, सगळ्यातलं थोडं थोडं नको. जे बाकीच्यांना कळत नाही आणि तुमच्या हाताला कळतं, असं एकच धरा. घोंगडी धरा." मी ओळखलं. म्हातारा घरात भुणभुण करतोय, द्या काहीतरी खेळायला. नाहीतर त्याला माझी कशाला पडलीय? मी शब्द टाकून ठेवलेली डेपोतली नोकरी तो नको म्हणाला, त्यावरून आमचं वाजलं, आणि तेव्हापासून त्याचा फोन येतो तो आईसाठी. बूथवर मी घ्यायला गेलो तर म्हणतो, "आई आहे का?"

हाताला कळतं म्हणाला, ते मात्र खोटं नाही. पहिल्या पगारात मी तुम्हाला गिरणीचं लाल ब्लँकेट आणलं होतं, आठवतंय? निमगावच्या बाजाराचा दिवस, तुम्ही मेंढरं शेतात बसवून मुक्कामाच्या वाड्यावर आलेले, मी युनिफॉर्म घालून मुद्दाम मिरवत आलेलो. तुम्ही ब्लँकेटवर एकदा पंजा फिरवता आणि मान वर न करता विचारता, "डोळ्यानं घेतलंस व्हय रं? हात कुठं गेला हुता तुझा?" सगळ्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसऱ्याच दिवशी ते ब्लँकेट कुत्रीच्या पिल्लांखाली. आता इंदापूरला घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या दारात मी घोंगडीच्या पोटात हात घालून अर्धा अर्धा तास बसतो, तेव्हा तो सणगरही म्हणतो, "अण्णा, घ्या की आता, काय लगीन लावायचंय का तिच्याशी?"

सुरुवातीच्या ऑर्डरी साध्या होत्या. शहरातल्या लोकांना विणताना लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास सोसत नाही, म्हणून मी घोंगडी धुऊन, उन्हात मऊ करून पाठवायचो. मग गेल्या महिन्यात पुण्यातून एक ऑर्डर आली. काळी घोंगडी पाहिजे, पण खळ धुऊ नका, वास राहू द्या. पुण्यातला कोण माणूस असं मागेल? खळीचा वास कुणाला आवडायचा? आमच्या पोराला! तुमच्या कुशीत, तुमच्या घोंगडीत तोंड खुपसून झोपायचा तो. तुम्ही गेल्यावर ती घोंगडी धुतली तर दिवसभर जेवला नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कुणी नाही, पोरगाच कुणाकुणाच्या नावानं मागवतोय. सापडला गडी!

आणि आबा, मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. फसवलं म्हणून आकांडतांडव करणारा मी, त्या दिवशी वाटेत शेजाऱ्याला उगाच हाक मारून त्याच्या म्हशीची चौकशी केली. जो पोरगा माझ्याशी धड बोलत नाही, तो माझ्यासाठी एवढा खटाटोप करतो! पार्सल पोस्टात टाकलंच नाही. बायकोला म्हटलं, इंदापूरला जाऊन येतो, आणि पुण्याच्या गाडीत बसलो. गाडीत सगळं ठरवलं. पत्ता त्याच्या एखाद्या मित्राच्या खोलीचा निघणार. मी काही ओरडणार नाही. फक्त म्हणायचं, "लेका, घोंगडीच पाहिजे होती तर घरी यायचंस." मग दोघं मिळून कुठंतरी जेवायला जायचं.

दार एका बाईनं उघडलं, पन्नाशीची असेल. मी पार्सल पुढं केलं तशी ती तिथंच चौकटीत सुतळी सोडायला लागली. आत कॉटवर तिची म्हातारी आई बसली होती, निमगावकडचीच, डोळे गेलेले. लेकीनं घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं काठ चाचपला, मग सगळी घोंगडी तोंडावर ओढून घेतली आणि आतूनच म्हणाली, "खळ हाय गं. आता झोप लागंल." मग मला विचारलं, "कुणाचा रं तू?" मी तुमचं नाव सांगितलं. ती तुम्हाला ओळखत नव्हती, पण म्हणाली, "असंल, असंल. बस, च्या घे."

बाई चहा टाकत होती. मी तरी आशा सोडली नाही बघा. विचारलं, "माझ्या मुलानं सांगितलं का तुम्हाला घोंगडीचं?" ती म्हणाली, "कोण मुलगा? आमच्या हापिसातल्या कम्प्युटरवर दिसलं, मी लिहिलं, उत्तर आलं. का हो?" मी म्हटलं, काही नाही, सहज. चहा गोड होता, मी अर्धाच ठेवून उठलो.

पोराची खोली तिथून जवळच होती. गेलो नाही. मिळेल त्या गाडीनं परत आलो आणि बायकोला पुण्याला गिऱ्हाइकाकडं जाऊन आल्याचं सांगून टाकलं. ती हरखली. "मंग गिऱ्हाईक खरंच निघालं की! आता तोंड का पाडलंय?" काल पोराचा फोन आला, दोन ऑर्डरी आणखी आल्यात. खुशीत होता. "बघा अण्णा, मी म्हटलं नव्हतं? इंदापूरला कधी जाताय?" मी म्हटलं, उद्या. तो म्हणाला, "बरं, आई आहे का?"

धंदा लागला आबा, कुणी लबाडी केली नाही. उभा जन्म मी लोकांचं खोटं पकडलं, आणि ह्या एका वेळी खोटं निघावं म्हणून पदरचं तिकीट काढून गेलो होतो. हे पोराला सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला लिहिलं.