भिंतीवरचे दोन नान

ताश्कंद, जून १९३७

प्रिय ओयदिन,

पत्र टपालाने आलं नाही म्हणून घाबरू नकोस. रेल्वेतल्या तुरसूनमामाच्या हाती दिलंय. वाचलंस की चुलीत घाल. यंदा आपल्या अंगणात जर्दाळू लगडलेत आणि खायला कुणी फिरकत नाही. चहाखान्यात माझ्यासाठी जागा धरणारे लोक आता मला पाहिलं की पेल्यात डोकं घालतात. तुझी आई म्हणते, "बरंच झालं, तेवढाच चहाचा खर्च वाचला." ती अशीच. रडायचं असलं की टोमणा मारते.

मी काही शूरवीर नव्हे, हे तुला ठाऊक आहे. कापडविक्याचा मुलगा, मॉस्कोत अर्थशास्त्र शिकलो, नियोजन खात्यात चिकटलो आणि दर शुक्रवारी वर्तमानपत्रात लिहू लागलो. खरबुजाचा भाव का चढतो ते खरबूजवाल्यालाही कळावं, एवढीच हौस. मग एकदा लिहिलं, गव्हाचं सगळं रान कापसाखाली घातलं आणि बाहेरची गव्हाची गाडी वेळेवर आली नाही, तर माणसं काय कापूस चावतील? तेव्हा संपादक पोट धरून हसले होते, वरच्यांनीही पाठ थोपटली होती. आता तोच लेख सरकारविरुद्धचा कट ठरलाय. मी जनतेचा शत्रू आहे असं त्याच वर्तमानपत्रात आलंय, खाली संपादकांची सही आहे. त्यांच्यावर रागावता येत नाही. त्यांनाही मुलंबाळं आहेत.

काल आईने तंदूरमधला ताजा नान माझ्यापुढे धरला. "चावा घ्या."

"अगं, मी कुठे प्रवासाला निघालोय?"

"न्यायला येणारे काय थांबणार आहेत तुमच्यासाठी? आत्ताच घ्या."

मी घास तोडला. उरलेला तिने भिंतीवर तुझ्या नानच्या शेजारी टांगला. तू डॉक्टरकी शिकायला समरकंदला निघालीस तेव्हा चावलेला तो नान वाळून दगड झालाय, तरी ती रोज त्याची धूळ झटकते. गेलेलं माणूस आपला नान संपवायला परत येतंच, असं ती मानते. माझा हिशेब वेगळा निघतोय आणि तिला सांगायची हिंमत होत नाही. मला भीती वाटते, ओयदिन. फार भीती वाटते.

तुझ्या कॉलेजात तुझा निकाल लावायला सभा ठरलीय, हे मला कळलंय. शत्रूची मुलगी म्हणून तुला काढतील, आणि काढून थांबणार नाहीत. इतरांची मुलं करतात तेच तू कर. 'हमदम नावाच्या माणसाशी माझं नातं संपलं', असं माझं नाव घालून वर्तमानपत्रात छापून टाक. तू हट्टी आहेस, म्हणून बाप असून हात जोडतोय. मजकूर छोटा ठेव. 'दुर्दैवाने', 'कदाचित' असलं काही घालू नकोस, ते लगेच डोळ्यांत भरतं. 'वडील' हा शब्दही नको. मग घरी येऊ नकोस, आईला लिहू नकोस. मी रोज आधी शेवटचं, असल्या निवेदनांचं पान उघडतो. त्यावर तुझं नाव दिसलं की समजेन, पोर वाचली. मग मला न्यायला त्यांनी केव्हाही यावं. तुझा नान मात्र उतरवायचा नाही, असं आईला सांगून ठेवलंय.

तू काहीही छापलंस तरी तुझाच,
बाबा