जगात कोणीही वापरत नाही ते कार्ड

पाथर्डी, मंगळवार

ती. गोरक्षमामांना बिभीषणचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि मामींचा दमा थंडीत गप्प असेल, अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. मी तर जरा जास्तच क्षेम आहे, कारण गेल्या आठवड्यात माझं नाव जगाच्या यादीत लागलं. ते कसं लागलं हे दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहितो.

मी काय काम करतो हे तुम्ही दर दिवाळीला विचारता. कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारं एक कार्ड असतं. त्या कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा मजकूर म्हणजे ड्रायव्हर. (शेवगावच्या स्थळाला तुम्ही नुसतं ‘मुलगा ड्रायव्हर सांभाळतो’ एवढंच सांगितलंत. त्यांनी जीप किती, असं विचारलं. असो.) जगभरच्या लोकांनी वीस-पंचवीस वर्षांत लिहून ठेवलेले हे ड्रायव्हर मी साफ करतो. निकामी ओळी काढायच्या, एकच काम तीनदा लिहिलं असेल तर एकदाच ठेवायचं. एका जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तर लिहिणाऱ्यानेच दोन ठिकाणी ‘हे का चालतं ते माहीत नाही’ अशी टीप घातलेली! मी पंधरा दिवस झाडलोट केली आणि वैतागलो. मग ‘हे कार्ड आता जगात कोणीही वापरत नाही’ असं ठणकावून लिहिलं आणि अख्खा ड्रायव्हरच काढून टाकायचा प्रस्ताव पाठवला. फिनलंडला आमचे मुख्य आहेत, युहानी म्हणून. त्यांनी तो मंजूर केला, वर शाबासकी दिली.

हे सगळे ड्रायव्हर ज्या प्रणालीत असतात तिची नवी आवृत्ती निघाली. झुंबरकाकूच्या दूध संकलन केंद्रातला कॉम्प्युटर मीच बसवलेला, म्हणून मी ती तिथे मोठ्या प्रेमाने टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूचा फोन.

“बिभीषणा, मशीन चालू हाय, पर डेअरीला काईच जात न्हाई. नोंद गेल्याबिगर टेम्पोवाला दूध उचलत न्हाई. लवकर ये.”

गेलो. दारात चाळीस कॅन, ऊन चढायला लागलेलं, शेतकरी कॅनवर ओली पोती टाकत होते. मी अजिबात न डगमगता वायर बदलली. मग उंदरांवर आळ घेतला. (काकूने मांजर दाखवलं.) शेवटी कॉम्प्युटरचा डबा उघडून कार्ड बाहेर काढलं. त्यावरचं नाव, मामा, मी दोनदा वाचलं. जगात कोणीही वापरत नाही ते कार्ड माझ्या हातात होतं, आणि ते तिथे मीच बसवलं होतं.

जुनी आवृत्ती मशीनमध्ये शिल्लक असते म्हणून वाचलो. कार्ड परत बसवलं, त्या आवृत्तीवर मशीन चालू केलं, नोंदी गेल्या, टेम्पो हलला. मग काकूला खरं काय ते सांगितलं.

“म्हंजे जगात मी न्हाईच, आसं लिव्हलं व्हय तू?”

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तिथेच बाकावर बसून मी सगळ्या जगाला कळवलं की माझं विधान चुकलं. एक वापरणारी आहे, तिचं नाव झुंबरबाई, आणि तिच्यावर चाळीस कॅन दूध अवलंबून आहे. तासाभरात युहानींचं उत्तर आलं: ड्रायव्हर पुन्हा आत घालतो, पण यापुढे तो सांभाळणार कोण? मी काकूला वाचून दाखवलं.

“तू. आजून कोन?”

तसंच कळवलं, आणि त्यांनी सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं. त्यामुळे आज या ड्रायव्हरचा जगातला एकमेव अधिकृत सांभाळकर्ता तुमचा भाचा आहे. ती ‘माहीत नाही’वाली टीपसुद्धा आता माझ्याच ताब्यात आली. महिन्याभरात तिचा छडा लावतो.

मामींना नमस्कार, निकिताला आशीर्वाद.

तुमचा बिभीषण

ता. क. : सांभाळायचं म्हणजे तपासायला दुसरं कार्ड हवं, काकूचं कसं काढणार? तुमच्या माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अगदी तसंच आहे. ते द्याल का?

ता. क. २ : माळ्यावर चढू नका, गुडघा सांभाळा. परवा तुम्ही बाजारला गेला होता तेव्हा मी येऊन मामींच्या हातचा चहा घेतला आणि कार्ड खिशात घालून आलो. तेव्हा आता फक्त परवानगी पाठवावी.