आधी सांग, मग लिही

बाई, तुम्ही गेल्यावर मी तुमच्याच कॉलेजात भूगोल शिकवायला लागले, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही कोळंबी सोलताय, मी पाटावर बसून खाडीवरचा निबंध पुढे करतेय, आणि तुम्ही कागदाकडे बघतसुद्धा नाही. “आधी सांग, मग लिही.” मी अडखळत सांगतेय, तर मध्येच खेकसताय, “पुस्तकातलं नको गं, भरती तुझ्या दारात येते ना?” केवढा राग यायचा तुमचा! निघताना मात्र डब्यात कालवण द्यायचात, आणि मी ते वाटेतच बोटानं चाटायचे.

आता एक नवीन यंत्र आलंय, बाई. म्हणजे फोनमध्येच असतं. विचाराल ते लिहून देतं, तेही शुद्ध मराठीत. परवा दिवेआगरच्या एका मुलीनं प्रकल्प दिला, वादळानंतरच्या सुपारीच्या वाड्यांवर. भाषा इतकी गुळगुळीत की मी कौतुकानं वाचत गेले. मग वाक्य आलं, पुढच्याच हंगामात बागा पुन्हा फळांनी बहरल्या. कपाळ माझं! सुपारीचं रोप फळायला पाच-सहा वर्षं घेतं, आणि हिची स्वतःची वाडी त्या वादळात आडवी झालेली. यंत्राकडून लिहून घेतलं तर कॉलेजच्या नियमानं सरळ शून्य. शून्य म्हणजे वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालं की घरचे तिला पुन्हा कॉलेजात पाठवणार नव्हते.

तिला बोलावलं. म्हटलं, कागद ठेव बाजूला, सांग. ती रडायलाच लागली. “माझं मराठी असं हाय, बाई. सगळी हसतात. त्या यंत्राचं कसं बरं वाटतं.” मग हळूहळू बोलती झाली. “सकाळी वाडीत गेलो तर वर नुसतं आभाळ. आधी कधी दिसायचंच न्हाय. बाबा म्हणाले, घरात चला, ऊन लागतंय.” वाडीत ऊन! मीही तिच्यासमोर डोळे पुसले.

शून्य नाही दिलं. प्राचार्यांशी भांडले. “उद्या सगळीच करतील,” ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. म्हणून वर्गात सांगून टाकलं, यंत्राला खुशाल विचारा, पण आधी मला तोंडी सांगायचं, आणि त्याची मदत कुठे घेतली ते शेवटी लिहायचं. तिनं सगळं पुन्हा लिहिलं, शुद्धलेखन तेवढं यंत्राकडून तपासलं, आणि तसं खाली नोंदवलंही. पास झाली.

एक सांगते, रागावू नका. तिला बोलावण्याआधी मी त्याच यंत्राला तुमच्या सगळ्या सवयी सांगितल्या आणि म्हटलं, आमच्या बाईंसारखं मला रागाव. ते इतक्या अदबीनं रागावलं की हसूच आलं. पोरीला कसं दटावायचं ते शिकायला केलं, अशी मी मनाची समजूत घातली. फोनवर लिहिलेलं हे पत्रही कुणाला दाखवणार नाही, आत्ता पुसून टाकेन. तुमचे शब्द सगळे पाठ आहेत, बाई, पण तुमचा आवाज मला आठवेनासा झालाय.