गोजर भावजींची घाणेरी

चि. मनोज यास पारूताईचा आशीर्वाद. भातसानगरला तुमी सगळे खुशाल असाल, भूमिकाचा खोकला गेला असेल. आमी इकडे बरे आहोत (गाय सोडून, आणि भावजी सोडून; पण ते बरे कधी होते). फोनच केला असता, पण आमचे थोरले दीर, गोजर भावजी, ओट्यावर बसून सगळं ऐकतात, म्हणून कागद घेतला.

गोजर भावजींनी मोबाइलवर बघून बघून अंगात शहाणपण भरून घेतलंय. खताची गोणी दिसली की नाक धरतात. रानात उगवतं ते कशालाच बाधत नाय, हे त्यांचं रोजचं कीर्तन. मागच्या पंधरवड्यात कुंपणाला म्हणून घाणेरीचा हिरवा भारा तोडून आणला आणि टाकला कुठं, तर गोठ्याच्या दारात. (भारा टाकायची अक्कल नाय आणि जगाला शेती शिकवणार.) दोन दिवसांत ढवळीनं चारा सोडला. डोळे हळदीसारखे पिवळे, शेण बंद, आणि उन्हात बांधली की नाकाचा शेंडा नि कान भाजल्यासारखे सोलायला लागले. शेजारची लहानीबाई म्हणाली, नजर लागली. भावजी म्हणाले उष्णता, आणि तिला ताक पाजलं. गाय आणखीच मान टाकून बसली.

शेवटी मुरबाडहून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी भारा बघितला. म्हणाले, "घाणेरीचं विष आहे हे. लिव्हरला लागलंय. उन्हाचा कवडसासुद्धा अंगावर पडू देऊ नका." मग विचारलं, "जनावर आपणहून हिला तोंड लावत नाय. कोणी घातली?" सगळ्यांनी भावजींकडं बघितलं.

गोठ्याच्या पत्र्याला भोकं, आणि घरात काळोखाची खोली एकच, भावजींची. गाय आत गेली, भावजी ओट्यावर आले. बारा दिवस ते नदीकडचं कोवळं गवत आणून तिला हातानं भरवतायत, डॉक्टरांनी दिलेली कोळशाची पूड पाण्यातून पाजतायत. आता सेवा करून काय उपयोग, असं मी दोनदा ऐकवलं. काल ढवळी रवंथ करायला लागली, तर हा साठीचा माणूस तिच्या मानेत तोंड घालून रडला. शोभतं का?

बाकी ठीक. घरी सगळ्यांना सांगणं, आठवण काढते.

तुझी
पारूताई

ता. क. भावजींना आठ दिवस तुझ्याकडं बोलावून घे. धरण दाखव. त्यांना जेवण जात नाय. म्हणतात, माझ्या हातून मुकं जनावर मेलं असतं.

ता. क. दुसरा. घाणेरीचा पाला पेंढ्यात बारीक कापून मीच घातला होता. गवताला जायचा कंटाळा आला, आणि रोज ऐकून मलाही वाटलं, रानातलं काय बाधणार. सांगायला दोनदा ओट्यावर गेले. दोन्ही वेळा तेच आधी म्हणाले, "पारू, माफ कर गो." तिकडं आले की तूच सांग. जेवण झाल्यावर सांग. आधी सांगितलंस तर मला शिव्या द्यायच्या सोडून ते माझीच काळजी करत बसतील, आणि ताट तसंच राहील.