वीस रेघांचं इन्सुलिन

३ मार्च

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनीच्या पत्रातून कळलं, तुझी साखर तीनशेच्या खाली येत नाही आणि डॉक्टरांनी वीस युनिटचं इन्सुलिन तीस केलंय. इन्सुलिनचं तयार पेन परवडत नाही म्हणून तू बाटली-सिरिंजवर आलास, तेव्हापासून हे बिनसलंय. पेनचे पैसे मी देते म्हटलं, तर ऐकलं नाहीस. म्हणून निदान सुई तरी बारीक असावी, असं वाटून मी तेव्हाच सिरिंजचं खोकं पाठवलं. रागावू नकोस, पण दुकानात गिऱ्हाइकांबरोबर बिस्किटं चालतात का? वहिनीलाही तोच संशय आहे. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहून विचारते.

तुझी धाकटी

११ मार्च

चि. तपासनीसबाईस अनेक आशीर्वाद.

बिस्किट नाही, गोळी नाही, चहात साखरेचा दाणा नाही. शपथ कुणाची घेऊ तेवढं सांग. तुझी वहिनी माझे खिसे तपासते. उद्या जीभ काढून दाखवायला लावेल. तुझ्या सिरिंज मात्र झकास, टोचलेलं कळतही नाही. वीस रेघा भरत होतो, आता तीस भरतो. तरी डोळ्यांपुढे धुकं. काल घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून निसटली ती सापडलीच नाही. घड्याळजीला दिसेनासं झालं तर त्यानं करायचं काय?

तूही विश्वास ठेवणार नसशील, तर यापुढे साखरेचा विषय नको.

दादा

१६ मार्च

ती. स्व. दादास शि. सा. न.

तुझ्यासाठी दुसरं खोकं घ्यायला गेले, तर मेडिकलवाल्यानं विचारलं, बाटली चाळीसची की शंभरची? मला ठाऊकच नव्हतं. तिथूनच वहिनीला फोन केला. तिनं बाटलीवर वाचलं : एका मिलिलिटरला चाळीस युनिट. मी पाठवलेल्या सिरिंज शंभरच्या, म्हणजे एका मिलिलिटरला शंभर रेघा. त्यांच्यावरच्या वीस रेघा म्हणजे तुझी आठच युनिटं. तीस म्हणजे बारा. आता चाळीसची सिरिंज आणून तीस भरलंस, तर एकदम अडीचपट जाईल. म्हणून आधी डॉक्टरांना गाठा, असं वहिनीला तीनदा बजावलं.

खोक्यावर आकडा छापलेला होता. मी फक्त सुईची जाडी वाचली. तू खरं बोलत होतास आणि मी तुला चोर ठरवलं. सिरिंज तुझ्यासाठी पाठवल्या, की तू पैसे नाकारलेस ते मनाला लागलं होतं म्हणून? कालपासून स्वतःला विचारतेय. क्षमा कर.

तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी चाळीसच्या सिरिंजवर पुन्हा हळूहळू वाढवत नेलं. साखर एकशे साठवर आली. धुकं विरलं. तुझी वहिनी इतकी गोड बोलते, की तेवढ्यानंच साखर वाढायची.

सिरिंजची चूक कुणाच्याही हातून झाली असती. एक गोष्ट मात्र तुझ्या वहिनीला सांगितली नाही, तुला सांगतो. तुम्ही दोघी इतक्या खात्रीनं म्हणत होतात, की मलाच वाटू लागलं, मी झोपेत उठून खातो की काय. दोनदा सकाळी उठून स्वतःची बोटं हुंगून पाहिली.

लोभ तर आहेच. थोडा विश्वासही असू दे.

दादा