तिसरी प्लेट

तोआ पायोह, सिंगापूर
१९ मार्च २०१७

तीर्थस्वरूप बाबांना,
मधुवंतीचा नमस्कार.

तुमचं पत्र नोव्हेंबरातच पोचलं. उत्तराला चार महिने लावले, हवं तेवढं रागवा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. ईशा चौथीत गेली. गणितात हुशार, मराठीत सगळी बोंब. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात खिडकीतून जहाजं दिसतात, म्हणून मी टेबल फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतलंय. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? उगाच चालढकल करू नका.

तुम्ही लिहिलंत, मंदार बोटीवरून नाहीसा होऊन सव्वा वर्ष झालं, देह आता मिळायचा नाही, तेव्हा दर्भाची प्रतिमा करून क्रिया करू या. फक्त तुझा होकार हवा. तेही मी सोसलं असतं. पण पाकिटावर माझ्या नावाआधी 'सौ.' नव्हतं. बारा वर्षं तुम्ही सुनेच्या नावाआधी ते न चुकता लिहीत होतात. इतका संताप आला की पत्र तांदळाच्या डब्याखाली सारलं.

काल मंदारचा वाढदिवस. इथे एक स्पॅनिश हॉटेल निघालंय, आंदालुसियाकडच्या पद्धतीचं. मधे उघडं अंगण, पांढऱ्या भिंतींवर निळ्या कुंड्या, मुलं टेबलांमधून धावली तरी कुणी डोळे वटारत नाही. ईशाला घेऊन तिथे गेले. मंदारचा शेवटचा फोन तिकडच्याच अल्हेसिरास बंदरातून आला होता, अशाच एका अंगणातून. "मधू, इथे आपल्या मांदेलीसारखे मासे तळतात. तुला आणणार मी इथे," म्हणाला. तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं.

वेटरने किती जण विचारलं. मी म्हटलं, तीन. त्याने तीन प्लेटा मांडल्या. टोमॅटोचं सार आलं, तेही थंडगार. ईशाने तोंड वाकडं केलं, इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, सार इज कोल्ड लाह, टेल देम टू हीट." मला चक्क हसू आलं. मग तळलेले मासे आले, आणि सवयीने मी दोन मोठे तिसऱ्या प्लेटमध्ये काढून ठेवले.

वेटर म्हणाला, तुमच्या पाहुण्यांसाठी थांबायचं का? मी तोंड उघडायच्या आत ईशा म्हणाली, "नो नीड, अंकल. माय फादर पास्ड अवे." एमआरटी मेट्रोचं स्टेशन सांगावं तसं.

बाबा, मी तिला आजवर सांगत आलेय की बोट लांब आहे, रेंज नाही. विचारलं, तुला कुणी सांगितलं? "नोबडी. आय नो सिन्स प्रायमरी टू. तू रडशील म्हणून नाही बोलले." आठ वर्षांची असल्यापासून पोर मला सांभाळतेय.

आता जे लपवलं ते लिहिते. त्या फोनवर मंदार असंही म्हणाला होता, "मला झोप लागत नाही, मधू. डोकं ठिकाणावर नाही. इथेच उतरतो, घरी येतो." मागे लोक हसत होते, काटेचमचे वाजत होते. मी ईशाच्या अभ्यासाशी झगडत होते. म्हटलं, "नाटकं नकोत. कॉन्ट्रॅक्टचा दीड महिना तर राहिलाय, काढ." तो "बरं" म्हणाला. चौथ्या दिवशी सकाळी तो बोटीवर वॉचच्या ड्युटीला आला नाही.

'सौ.'चा राग हे निमित्त होतं. क्रिया झाली की तो माझ्या शब्दाने गेला हे कायमचं ठरणार होतं, त्याला मी भीत होते. आताही भिते. सकाळी उठून दात घासायचे कशाला, इतकंसुद्धा कळत नाही. ईशासाठी उठते.

क्रिया करा. मेमध्ये मी तिला घेऊन येते. आईंना हे वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला घरात घ्यायचं की नाही तेही. ईशाला मात्र घ्या. तिसऱ्या प्लेटमधले मासे तिनेच खाल्ले. वाया घालवले तर बाबाला आवडायचं नाही, म्हणाली.

तुम्ही म्हणाल तर तुमची सून, नाहीतर नुसती
मधुवंती